उडवणारे होत आहेत, सांभाळणारे कोठे आहेत? सोलापूर जिल्हा कौशल्य समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समिती, सोलापूर;
तसेच जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य.

विषय : ड्रोन व विद्युत विमाने यांच्या देखभाल-दुरुस्तीचे प्रशिक्षण जिल्ह्यात सुरू करण्याबाबत.

महोदय,

ड्रोन प्रशिक्षण म्हटले की आपल्याकडे हातात रिमोट घेऊन आकाशाकडे पाहणारा तरुण डोळ्यांसमोर येतो, आणि योजना, जाहिराती व खासगी वर्ग यांचा सगळा ओघ त्याच्याकडेच वळतो. मी वीजतंत्री व्यवसायाचा निवृत्त शिल्प निदेशक आहे. माझे आयुष्य मोटारी उघडण्यात आणि त्या उघडायला मुलांना शिकवण्यात गेले, त्यामुळे माझी नजर आधी यंत्राकडे जाते आणि मग ते चालवणाऱ्याकडे. त्या नजरेतून मला जे दिसते ते आपल्यापुढे मांडतो. या जिल्ह्याला आता आणखी ड्रोन वैमानिकांपेक्षा ड्रोन दुरुस्त करणाऱ्या, त्यांच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्या आणि बिघाडाचे कारण शोधू शकणाऱ्या माणसांची गरज जास्त आहे. ती माणसे घडवण्याचा निम्मा पाया आपल्याच संस्थांमध्ये तयार आहे, आणि उरलेला निम्मा घालण्याचे काम आपल्या समितीच्या हातात आहे.

प्रथम वैमानिकांविषयी. 25 ऑगस्ट 2021 रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार दहावी उत्तीर्ण असलेली, 18 ते 65 वर्षे वयाची कोणतीही व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवू शकते. हे प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. नियम सोपे झाले हे चांगलेच झाले, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु शेतीत वापरल्या जाणाऱ्या ड्रोनच्या वर्गाचे मूळ प्रशिक्षण पाच दिवसांत आटोपते, आणि पाच दिवसांत माणूस यंत्र उडवायला शिकतो, ते ओळखायला शिकत नाही. गाडी चालवणाऱ्याने गॅरेजही चालवावे अशी अपेक्षा कोणी करत नाही, हे मान्य; पण गाडीच्या बाबतीत प्रत्येक फाट्यावर गॅरेज असते आणि ड्रोनच्या बाबतीत ते तालुक्यातही नसते.

‘नमो ड्रोन दीदी’ योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर केली. देशभरातील 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट, 1,261 कोटी रुपयांची तरतूद आणि ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत, कमाल आठ लाख रुपये, साहाय्य अशी तिची रचना आहे. त्यात एका बाबीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. गटातील एका महिलेला पंधरा दिवसांचे वैमानिक व फवारणीचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्याच गटातील, किंवा सदस्याच्या कुटुंबातील, विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीची व जोडकामाची आवड असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला ड्रोन साहाय्यक म्हणून तयार करायचे, असे योजनेतच म्हटलेले आहे. म्हणजे दिल्लीत बसून योजना लिहिणाऱ्यालाही कळले होते की एकट्या वैमानिकाने भागणार नाही. पुढे मात्र वैमानिक महिलेचा सत्कार होतो, तिचे छायाचित्र छापून येते, आणि साहाय्यक बॅटऱ्यांची पेटी उचलण्यापुरता उरतो.

मोहोळ तालुक्यातल्या एका गटाचा ड्रोन मी स्वतः उघडून पाहिला आहे. सहा हातांचे, दहा लिटर टाकीचे ते यंत्र होते. ऐन हंगामात, उसावर फवारणी चालू असताना ते एका बाजूला झुकले आणि सरीत आदळले. गटातल्या ताईंनी पुरवठादाराला कळवले, यंत्र खोक्यात घालून दुसऱ्या शहरातल्या सेवा केंद्राकडे पाठवले, आणि ते परत येईपर्यंत फवारणीचे दिवस निघून गेले. आले तेव्हा एक हात आणि एक मोटार बदललेली होती. बिघाड कशामुळे झाला याविषयी सोबतच्या कागदावर एक ओळही नव्हती. म्हणून त्यांनी ते माझ्याकडे आणले. पात्याला बोटाने हळूच गोल फिरवले की चांगली मोटार निःशब्द फिरते, फक्त चुंबकांची ओढ टप्प्याटप्प्याने जाणवते. शेजारच्या दुसऱ्या मोटारीला तसे फिरवल्यावर आतून बारीक करकर आली. कवच काढले तर बेअरिंगच्या कडेने पांढरट, चिकट थर साचलेला होता, विद्राव्य खताचा आणि औषधाचा, आणि स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या आतल्या स्थिर भागाच्या, तळाशी गंज धरू लागला होता. पडलेली मोटार गेली त्याच वाटेने ही दुसरीही निघाली होती. फवारणीनंतर यंत्र ओल्या फडक्याने पुसावे, टाकी आणि नोझल साध्या पाण्याने धुवावेत, पाते हाताने फिरवून कानाने ऐकावे, एवढे कोणी दाखवले असते तर निदान पुढचा अपघात आधीच कळला असता. हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, कोणीतरी शिकवायचे ठरवावे लागते.

त्याच घरात आणखी एक गोष्ट पाहिली, तिने मला अधिक अस्वस्थ केले. वापरातून काढलेल्या दोन बॅटऱ्या धान्याच्या पोत्यांशेजारी फळीवर ठेवलेल्या होत्या, आणि त्यांतली एक उशीसारखी फुगलेली होती. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचा असतो आणि वापराविना ठेवायचा असेल तर तो 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा लागतो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस तशीच पडून राहिली की आतून खराब होत जाते. बहुतेक बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे निर्माते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 43-44 अंशांवर जातो आणि नुकतीच उतरवलेली बॅटरी त्याहून कितीतरी गरम असते. थंड प्रदेशात लिहिलेली पुस्तिका वाचून सोलापूरच्या बांधावर काम भागत नाही. येथे चार्जिंग केव्हा करायचे, बॅटरी किती वेळ सावलीत ठेवून मग तारा जोडायच्या, फुगलेली बॅटरी कोठे आणि कशी ठेवायची, ती भंगारवाल्याला का द्यायची नाही, हे येथल्याच हवामानासाठी येथल्याच माणसाने मराठीत लिहून द्यायला हवे. शहरातल्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. त्या भाषांत निदान एक पानाचा तक्ता भिंतीवर लावता येईल.

बॅटरीवर मी इतका का रेंगाळलो, ते सांगितले पाहिजे. एक किलो विमान इंधनात साधारण 12 किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर एक किलो चांगल्या लिथियम सेलमध्ये पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. मोटारीची कार्यक्षमता इंजिनापेक्षा बरीच जास्त असते, हे जमेस धरले तरी अंतर फार मोठे राहते. म्हणूनच भरलेल्या टाकीसह शेतीचा ड्रोन दहा-पंधरा मिनिटांत उतरवावा लागतो, आणि म्हणूनच बॅटरीची क्षमता दहा टक्के घटली तर त्याचा अर्थ दहा टक्के तोटा एवढाच राहत नाही, तर सुरक्षित उतरण्यासाठी राखून ठेवलेला वेळच त्यात खाल्ला जातो. विजेवर उडणाऱ्या कोणत्याही यंत्रात, मग ते फवारणीचे असो वा माणसे नेणारे, बॅटरीची प्रकृती जाणणारा माणूस हाच सर्वांत महत्त्वाचा तंत्रज्ञ ठरतो.

आता माणसे नेणाऱ्या यंत्रांविषयी, कारण त्याविषयी अवास्तव अपेक्षा आणि अवास्तव तुच्छता दोन्ही ऐकायला मिळतात. स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानाला जून 2020 मध्ये युरोपीय हवाई सुरक्षा संस्थेने प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे त्याची रचना उड्डाणास सुरक्षित असल्याची मान्यता, दिले. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेले ते जगातले पहिले. ते जेमतेम पन्नास मिनिटे उडते आणि वैमानिकांच्या प्रारंभिक प्रशिक्षणासाठी वापरले जाते. चीनच्या ईहँग कंपनीच्या वैमानिकाविना प्रवासी नेणाऱ्या यंत्राला ऑक्टोबर 2023 मध्ये तेथील नियामकाने मान्यता दिली. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ‘हंसा’ विमानाची विजेवरील आवृत्ती विकसित होत असल्याचे सरकारने 2025 मध्ये जाहीर केले. दुसरीकडे, ज्यांच्या हवाई टॅक्सीची जगभर चर्चा होती त्या जर्मनीतील लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन्ही कंपन्यांवर 2024 च्या अखेरीस दिवाळखोरीची पाळी आली. तेव्हा हवाई टॅक्सी येणार म्हणून आजच अभ्यासक्रम काढणाऱ्यांपासून आपण सावध राहावे. सोलापुरात ती उतरायची तेव्हा उतरेल. त्या यंत्रासाठी लागणारे मूळ कौशल्य मात्र आजही वाया जाणार नाही, कारण तेच ई-बसला लागते, तेच बॅटरीवरच्या रिक्षेला आणि सौर पंपालाही लागते.

ते मूळ कौशल्य म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश (डीसी) प्रवाहाशी सुरक्षितपणे काम करणे. आमच्या वीजतंत्री व्यवसायात मुलांचा हात प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहावर बसतो. त्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठलेली ठिणगी विझायला संधी मिळते. एकदिश प्रवाहात ती संधी नसते. चालू भाराखाली जोडणी ओढली तर ठिणगीची ज्वाला टिकून राहते. फवारणीच्या ड्रोनमध्ये दाब पन्नास व्होल्टच्या आसपास असतो पण प्रवाह सत्तर-ऐंशी अँपिअरपर्यंत सहज जातो, आणि एवढ्या प्रवाहाला एक सैल जोडणी पुरते. व्हेलिससारख्या विमानात दाबच तीनशे व्होल्टच्या वर असतो. घरगुती वायरिंग करणाऱ्या मुलाने यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी पुरवठा वेगळा करणे, संधारित्रे (वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर) रिकामी होईपर्यंत थांबणे, मीटरने खात्री करणे, योग्य हातमोजे वापरणे आणि जोडीदाराला सांगून मगच काम सुरू करणे, हा क्रम अंगवळणी पडायला हवा. हे काम मोठे नाही. विद्यमान अभ्यासक्रमाला जोडता येईल असा काही आठवड्यांचा घटक पुरेसा आहे.

सोलापूरचे बलस्थान येथे आहे. यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, साखर कारखाने आणि विहिरीवरचे पंप यांनी या जिल्ह्यात मोटार वाइंडिंग करणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी घडवली आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा वाइंडर मोटारीचा नुसता वास घेऊन कोणती गुंडाळी जळाली ते सांगतो. ड्रोनची मोटारही त्रिकला मोटारच आहे; फक्त गुंडाळी आत स्थिर आणि चुंबके बाहेरच्या फिरत्या कवचात. तीन तारांतला असमतोल, निरोधनाचा दोष, घासणारे बेअरिंग हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याला नवे शिकायचे ते वेग नियंत्रक, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, होकायंत्र व जडत्व संवेदक (हालचाल व झुकाव मोजणारा) यांचे अंशांकन, म्हणजे मापे अचूक जुळवणे, आणि यंत्रात साठलेल्या उड्डाण नोंदी वाचणे. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक व्यवसायाच्या मुलांना यातले बरेच आधीच येते. हे दोन व्यवसाय एका बाकावर आणले तर काम निम्मे होईल.

परंतु आपल्या कारागिरांना एक गोष्ट विसरायला शिकवावी लागेल आणि ती सर्वांत कठीण आहे. जमवून घेण्यात आपण वाकबगार आहोत. माग बंद पडला तर मिळेल तो सुटा भाग कानसून बसवायचा आणि पाळी चालू ठेवायची, यातच कौशल्य मानले जाते, आणि तेथे ते योग्यही आहे, कारण चुकलेच तर माग थांबतो. उडणाऱ्या यंत्रात हीच सवय घातक. तेथे ठरलेलाच स्क्रू, ठरलेल्याच बलाने आवळायचा, बदललेल्या भागाचा क्रमांक लिहायचा, आणि दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय यंत्र सोडायचे नाही. मोठ्या विमानांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देखभाल अभियंत्यांना परवाने देते, त्यांचे वर्ग आणि परीक्षा ठरलेल्या आहेत. ड्रोनच्या नियमांत वैमानिकासाठी प्रमाणपत्र आहे. दुरुस्ती करणाऱ्यासाठी तसा परवाना नाही. कायद्याने मागितले नाही म्हणून शिस्त शिकवायची नाही, असे आपण म्हणू नये. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक असतो; त्या क्रमांकाच्या नावाने देखभालीची वही ठेवण्याची सक्ती निदान आपण दिलेल्या यंत्रांपुरती, म्हणजे शासकीय साहाय्याच्या यंत्रांपुरती, जिल्हा पातळीवर करता येईल. विमा दाव्याच्या वेळी हीच वही गटाच्या कामी येईल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी ड्रोन तंत्रज्ञाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने तयार केलेलाच आहे, आणि निवडक संस्थांत असे अभ्यासक्रम सुरू करण्याची घोषणा 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती. त्यामुळे कागद नव्याने लिहायची गरज नाही. अडचण माझ्या अनुभवाने दोन ठिकाणी येते. एक म्हणजे निदेशक. यंत्रे आधी येतात, खोलीचे उद्घाटन होते, आणि शिकवणारा कंत्राटावर शोधला जातो. त्याने स्वतः कधी बिघडलेला ड्रोन उघडलेला नसतो. म्हणून कृपया पहिला खर्च यंत्रांवर न करता दोन-तीन कायम निदेशकांना एखाद्या निर्मात्याच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष कामावर पाठवण्यावर करावा. दुसरी अडचण परीक्षेची. लेखी पेपर आणि तयार यंत्राची जोडणी एवढ्यावर गुण दिले तर आपण पुन्हा कागदी तंत्रज्ञ तयार करू. परीक्षकाने मुद्दाम दोष घातलेले यंत्र पुढे ठेवावे, उड्डाण नोंद द्यावी, आणि कारण शोधून लिहायला सांगावे. बिघडलेली, टाकाऊ यंत्रे आज जिल्ह्यात पुरेशी मिळतील. ती बचत गटांकडून आणि सेवा पुरवठादारांकडून रीतसर विकत घ्यावीत.

जागेबाबत एक व्यवहार्य सूचना. होटगी रोडच्या विमानतळाजवळची, उड्डाणांना अडथळा ठरलेली साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली, जून 2025 पासून गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मुंबईची विमाने सुरू झाली. शहरासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पण विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंतच्या हवाई क्षेत्रावर ड्रोनसाठी निर्बंध येतात, आणि शहरातील बहुतेक शिक्षणसंस्था त्याच परिघात आहेत. म्हणून कार्यशाळा शहरात ठेवावी आणि उड्डाण चाचणीचे मैदान पंढरपूर, मोहोळ किंवा बार्शीच्या बाजूला, नकाशा तपासून, निवडावे. नव्या विमानतळासाठी ठरवलेल्या बोरामणीचे नाव कोणीतरी सुचवील; तेथले जुने प्रश्न पाहता या छोट्या कामाला त्या मोठ्या वादात ओढू नये. विमानतळावर नोकरी मिळेल या आशेने ड्रोनचे वर्ग लावणाऱ्या मुलांनाही कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे की मोठ्या विमानाचा देखभाल परवाना ही स्वतंत्र आणि काही वर्षांची वाट आहे.

काम कोठे आहे, हाही प्रश्न रास्त आहे. ऊस सहा-सात महिन्यांचा झाला की आत माणूस पंप घेऊन शिरू शकत नाही, तेथे ड्रोनला पर्याय नाही. साखर कारखाने आपल्या सभासदांसाठी ही सेवा चालवू शकतात आणि शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मुलांना घेऊ शकतात. डाळिंबाच्या बाबतीत मी इतक्या उत्साहाने बोलणार नाही. दाट झाडाच्या आतल्या फांदीपर्यंत थेंब पोहोचतो का, तेल्या रोगावरच्या फवारणीत त्याचा किती उपयोग होतो, याचे उत्तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राशी बोलून मिळवावे, विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून नव्हे. भूमापन, वीजवाहिन्या आणि सौर प्रकल्पांची पाहणी, आषाढीला पंढरपुरातील गर्दीवर लक्ष ठेवणे, ही कामे वाढतच जातील. पुढे नजरेपलीकडच्या उड्डाणांना सरसकट मुभा मिळाली तर एकाच खोलीतून अनेक यंत्रांवर लक्ष ठेवणारे लोक लागतील, आणि ते काम आपली अभियांत्रिकी महाविद्यालये आजपासून शिकवू शकतात.

महिलांसाठी साहाय्यकाची दुसरी जागाही राखून ठेवावी, ही माझी खास विनंती आहे. विडी वळणाऱ्या आणि गणवेश शिवणाऱ्या हातांच्या या शहरात बारीक डाग देणे, तारांची जुडगी बांधणे, जोडणी दाबून बसवणे ही कामे बायकांना जमतील का असे विचारण्याची कोणाची हिंमत होऊ नये. नवऱ्याला किंवा दिराला कागदोपत्री साहाय्यक दाखवण्याची पद्धत पडण्यापूर्वीच ती थांबवलेली बरी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश जून-जुलैत सुरू होतात. त्याआधीच्या आपल्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि त्या बैठकीला अधिकारी व प्राचार्यांबरोबर ड्रोन चालवणारी बचत गटातली एक महिला आणि एक मोटार वाइंडिंग करणारा कारागीर यांनाही बोलवावे. बॅटरी सुरक्षेचा वर्ग घ्यायला माझी आवश्यकता भासल्यास मी विनामानधन येईन. मोहोळच्या त्या मोटारीचे बेअरिंग मुलांना दाखवण्यासाठी मी जपून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), सोलापूर